तक्रार निकाली, गळती चालू: शहर आधुनिक झालं म्हणजे नक्की काय झालं?

सहज_विचारलं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी डांबराला एक भेग आहे. तिच्यातून गेले १९ दिवस पाणी झिरपतंय. कारंजं वगैरे नाही, करंगळीएवढी धार, पण अखंड. घरात पाणी तासभर, रस्त्यावर चोवीस तास. कडेला शेवाळ धरलंय आणि रोज सकाळी दोन साळुंक्या तिथं अंघोळीला येतात. त्यांची सोय झाली.

ॲपवर तक्रार टाकली. फोटो, नकाशावर खूण, ओटीपी, सगळं झकास. तिसऱ्या दिवशी मेसेज: 'आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे. कृपया सेवेला तारे द्या.' खाली जाऊन पाहिलं तर साळुंक्या अंघोळ करतायत. पुन्हा टाकली. यावेळी दोन तासांत निवारण. वेग वाढला हे मान्य करायला हवं. तिसऱ्यांदा टाकायला गेलो तर ॲप म्हणतं, या ठिकाणची तक्रार आधीच निकाली निघाली आहे.

गळती हे निमित्त. कंट्रोल रूम, सेन्सरवाल्या कचराकुंड्या, विजेच्या बस, नदीकाठाचं सुशोभीकरण असं जगभर बरंच चाललंय. त्यातलं खरोखर उपयोगाचं किती? ज्या शहरांनी करून दाखवलं त्यांनी नक्की काय केलं? आतून माहिती असणाऱ्यांनी लिहा. 'लोकांना शिस्तच नाही' एवढंच लिहायचं असेल तर ते मी तुमच्या वतीने लिहून टाकलं आहे, +१ देऊन पुढे जा.

तिरकस

+१
(पुढे जात आहे.)

पाइपलाइन

पाणीपुरवठ्यात ३१ वर्षं काढून निवृत्त झालो. तुमच्या वर्णनावरून दोन गोष्टी सांगतो.

एक, वाटपाच्या लाइनला पाणी तासभर आणि गळती चोवीस तास, म्हणजे ही गळती तुमच्या वाटपाच्या लाइनची नाही. टाकी भरणारी लाइन शेजारून जात असणार, तिला दिवसभर दाब असतो. वॉर्डातला माणूस आला असेल, त्याने तुमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करून पाहिला असेल, पाणी थांबलं नाही, 'आपली लाइन नाही' म्हणून तक्रार बंद केली असेल. त्याच्या हिशेबाने तो खोटं बोललेला नाही.

दोन, पाणी जिथे वर येतं तिथेच पाइप फुटलेला असतो असं नाही. खोदलेल्या चराची माती भुसभुशीत असते, पाणी चरातून वाट काढत उताराने जातं आणि जिथे डांबर कच्चं असेल तिथे डोकं वर काढतं. नवखा ठेकेदार दिसलं तिथे खोदतो, कोरडा पाइप बघतो आणि खड्डा बुजवून बिल लावतो.

खरी पद्धत कानाने ऐकायची. लिसनिंग रॉड म्हणून एक पोलादी सळई असते, वरच्या टोकाला वाटीसारखा भाग. खालचं टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, वाटीला कान लावायचा. रात्री दोन ते चारच्या दरम्यान, कारण रहदारी नसते आणि लोक पाणी वापरत नसल्यामुळे दाब चढलेला असतो. टोकियोत गळती ऐकणारी पथकं आहेत. १९५० च्या दशकात तिथे २० टक्क्यांच्या आसपास पाणी गळायचं, आता ते ३-४ टक्क्यांवर आहे. यंत्रं आली, सेन्सर आले, तरी सळई अजून टाकलेली नाही.

पहाटे तीनचा आणखी एक उपयोग. एखाद्या भागात पाणी शिरतं तिथे एकच मीटर बसवा आणि त्या वेळचा आकडा बघा. सगळे झोपलेत, तरी मीटर फिरतोय, तर ते पाणी बहुतांशी जमीन पितेय. हा आकडा घेणाऱ्याचं लोकार्पण कधी झालेलं मी पाहिलं नाही.

ओळीतला_शेवटचा

पाइपलाइनकाका, टोकियोचं ठीक आहे, तिथे चोवीस तास पाणी असतं. जिथे नळाला तासभरच पाणी तिथे पहाटे तीनला ऐकणार काय? रिकामा पाइप? आणि चोवीस तास द्यायला एवढं पाणी आणायचं कुठून?

पाइपलाइन

पहिला प्रश्न बरोबर. दुसऱ्यात नेहमीचा गैरसमज आहे. तासभर पाणी म्हणजे कमी पाणी असं नसतं. लोक टाक्या भरून ठेवतात, पाणी आलं की शिळं म्हणून ओततात, नळ उघडे राहतात. आणि पाणी बंद झालं की पाइपात पोकळी होते. त्याच भेगेतून मघाशी पाणी बाहेर येत होतं, आता बाहेरचं आत ओढलं जातं. शेजारून मैलापाण्याची लाइन गेली असेल तर काय ओढलं जात असेल ते सांगत नाही. शुद्धीकरण केंद्र कितीही अत्याधुनिक असो, साथ येते ती या वाटेने.

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह, तिचं उदाहरण मी प्रत्येक ट्रेनिंगला द्यायचो. यादवीतून नुकतंच बाहेर पडलेलं शहर. १९९३ मध्ये तिथे तयार केलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचा हिशेब लागत नव्हता. काही गळायचं, काही चोरीला जायचं, आणि चोरी करणाऱ्यांत खात्याचेच लोक होते. एक सोन चान नावाचे गृहस्थ प्रमुख झाले. त्यांनी आधी घरातला केर काढला, मग प्रत्येक जोडणीला मीटर, मग बड्या धेंडांची वसुली. त्यात एका सेनाधिकाऱ्याने त्यांच्यावर पिस्तूल रोखलं होतं. गरिबांना जोडणीसाठी हप्ते आणि सवलत दिली. पुढच्या १५ वर्षांत बेहिशेबी पाणी ६ टक्क्यांवर आलं, शहराला चोवीस तास पाणी मिळायला लागलं. २००६ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. परदेशी मदतीतून नवे पाइपही आले, ते नाकारत नाही. पण ७२ टक्के गळणाऱ्या बादलीत नवं धरण ओतून काय उपयोग झाला असता?

बाइटभर

कबुलीजबाब देतो. मी असली तक्रार निवारण प्रणाली बनवलेली आहे. धागाकर्त्याच्या शहरातली नव्हे, पण भाऊबंदच.

बैठकीत आम्हाला सांगितलं गेलं, तक्रार ७२ तासांत निकाली निघाली नाही तर लाल दिसली पाहिजे आणि वरच्या साहेबांकडे गेली पाहिजे. ऐकायला उत्तम. पहिल्याच महिन्यात डॅशबोर्ड हिरवागार झाला, सगळे खूश. मी सहज डेटा चाळला, तर शेकड्याने तक्रारी ७१ व्या तासाला बंद झालेल्या. एका माणसाने तर एका मिनिटात ४० बंद केल्या होत्या. आता एका मिनिटात ४० खड्डे कोण बुजवतं? पण त्याला दोष तरी काय देणार, लाल रंगाबद्दल बोलणी त्यालाच बसत होती आणि त्याच्याकडे ना डांबर होतं ना गाडी.

आम्ही तेव्हा सुचवलं होतं: तक्रार बंद करण्याचं बटण तक्रारदाराकडे द्या, किंवा निदान 'काम झालेलं नाही' म्हणायला त्याला सात दिवस द्या आणि पुन्हा उघडलेल्या तक्रारी वेगळ्या मोजा. उत्तर आलं, 'मग आकडे खराब दिसतील.' फाइल तिथेच आहे.

दुसरी गोष्ट दाखल्यांची. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याची प्रिंट काढायची, प्रतींवर सही करायची, खिडकीवर नेऊन द्यायची आणि तिथला कारकून तीच माहिती पुन्हा टाइप करणार. याला आपण डिजिटल म्हणतो. एस्टोनियाने २००१ मध्ये वेगवेगळ्या खात्यांचे संगणक एकमेकांशी बोलतील अशी एक्स-रोड नावाची व्यवस्था उभी केली. तत्त्व असं की सरकारकडे एकदा असलेली माहिती नागरिकाकडे पुन्हा मागायची नाही. तुमची माहिती कोणत्या खात्याने उघडून पाहिली याची नोंद तुम्हालाही बघता येते. देश छोटा आहे, सुरुवात कोऱ्या पाटीवर झाली, ते सगळं खरं. पण 'पुन्हा मागायची नाही' हे ठरवायला लोकसंख्या कमी असावी लागत नाही.

तिरकस

एका मिनिटात ४०. आमच्या इथे अशा माणसाचा सत्कार करतात.

गवतफूल

मी सहा वर्षं सोलमध्ये होते, तिथला कचऱ्याचा अनुभव लिहिते.

इमारतीखाली ओल्या कचऱ्याची एक पेटी असायची, साधारण कमरेएवढी. कार्ड टेकवलं की झाकण आपोआप उघडायचं. बादली उपडी करायची, झाकण मिटायचं आणि छोट्या पडद्यावर वजन यायचं. महिन्याला त्या वजनाप्रमाणे बिल. पहिल्या आठवड्यात मी पाण्यासकट सगळं ओतलं. शेजारच्या आजी मागे उभ्या होत्या. त्यांनी माझी बादली हातातून घेतली, तिरकी करून पाणी जाळीत निथळून दाखवलं आणि पडद्याकडे बोट केलं. भाषा येत नसतानाही कळलं: पाण्याचे पैसे कशाला भरतेस! ओल्या कचऱ्यात बहुतेक भाग पाणीच असतो, त्यामुळे निथळण्याने वजन भराभर उतरतं. शिस्त शिस्त म्हणतात ती मला त्या पडद्याने लावली, संस्कृतीने नव्हे.

पण हे एका रात्रीत आलेलं नाही. १९९५ मध्ये देशभर ठरावीक पिशव्या विकत घेऊनच कचरा टाकायचा नियम आला. २००५ पासून खरकटं थेट कचरा डेपोत पुरायला बंदी. वजनाचं बिल २०१३ च्या आसपास. म्हणजे १८ वर्षं, आणि दर टप्प्याला गोळा केलेल्या कचऱ्याचं पुढे काय करायचं याची सोय आधी होती. नाहीतर घरात दोन डबे आणि गाडीत सगळं एकत्र, हा खेळ एकदा पाहिला की माणूस कायमचा निर्ढावतो.

तिरकस

सोल म्हणजे तेच ना, जिथे नदीवरचा उड्डाणपूल पाडून सुंदर ओढा काढला आणि त्यात पंपाने पाणी सोडतात?

गवतफूल

तिरकसराव, हो, तेच. चंग्येछन. २००३ ते २००५ मध्ये काम झालं आणि आजही बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने आणतात. पर्यावरणवाल्यांनी तेव्हाही टीका केली होती आणि मला ती पटते, ती जिवंत नदी नव्हे. पण रोज लाखाच्या वर गाड्या वाहणारा रस्ता काढूनही शहर ठप्प झालं नाही, आणि उन्हाळ्यात ओढ्याकाठी गेलं की अंगाला फरक जाणवतो. तुम्ही नुसता पंप बघितलात.

शिवाय त्याच्याच जोडीला २००४ मध्ये बसची फेरमांडणी झाली, त्याबद्दल कुणी बोलत नाही कारण फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही. आधी खासगी बसवाले प्रवासी पळवायला एकमेकांशी शर्यत लावायचे. मग त्यांना धावलेल्या किलोमीटरप्रमाणे पैसे द्यायचं ठरलं, मार्ग शहराने आखले, भाडं अंतरावर आणि बस-मेट्रोला एकच कार्ड. पहिल्या दिवशी कार्ड यंत्रं बंद पडली, इतका गोंधळ की महापौरांना माफी मागावी लागली. पण मागे फिरले नाहीत.

पाऊसवेडी

नदीचा विषय निघालाच आहे तर राहवत नाही. मी नगररचनेत काम करते, पावसाचं पाणी हा माझा प्रांत.

नदी घाण होते ती अनेक ठिकाणी पावसाच्या दिवशी. जुन्या शहरांत मैलापाणी आणि पावसाचं पाणी एकाच गटारातून जातं. लंडनला १८५८ मध्ये मैल्याने भरलेल्या थेम्स नदीची ती कुप्रसिद्ध दुर्गंधी सुटली, संसदेला बसवेना, तेव्हा जोसेफ बॅझलजेट यांनी भव्य गटारं बांधली. ती आजही चालतात. पण जोराच्या पावसात गटार तुंबू नये म्हणून जादा पाणी थेम्समध्ये सोडायची सोयही त्यांनीच ठेवली होती. लोकसंख्या वाढली, जमीन सिमेंटने झाकली गेली आणि ती आणीबाणीची सोय नेहमीची झाली. शेवटी नदीखालून २५ किलोमीटरचा बोगदा काढून ते पाणी अडवावं लागलं, २०२५ मध्ये तो पूर्ण सुरू झाला. पॅरिसनेही ऑस्टरलित्झ स्टेशनजवळ जमिनीखाली ५० हजार घनमीटरचं टाकं बांधलं, तेव्हा कुठे २०२५ च्या उन्हाळ्यात लोकांना सेन नदीत पोहायला मिळालं. १९२३ पासून बंदी होती. दोन्ही ठिकाणी नदीकाठी एकही नवा दगड न बसवता नदी सुधारली असती. सुधारली ती जमिनीखालच्या कामाने.

कोपनहेगनने वेगळी वाट धरली. २ जुलै २०११ ला तिथे दोनेक तासांत १५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला, तळघरं भरली, रस्ते बुडाले. त्यांनी हिशेब मांडला की नुसते पाइप मोठे करत बसलो तर परवडणार नाही. मग पाणी वरच, उघड्यावर, पण आपल्याला हव्या त्या जागी साठवायचं ठरलं. एंगहवे पार्क नावाची जुनी बाग आहे, तिच्या कडेने बुटकी भिंत घालून तिला सुमारे २२ हजार घनमीटरचं भांडं बनवलंय. एरवी मुलं खेळतात, ढगफुटीला बाग भरते, मग सावकाश रिकामी होते. रस्त्याचा उतारसुद्धा मुद्दाम असा की पाणी घरांकडे न जाता तिकडे वळावं.

आता उलटी बाजू. मी ज्या बैठकांना बसते तिथे बागेचं खातं वेगळं, रस्त्याचं वेगळं, गटाराचं वेगळं. बाग भरू द्यायची म्हटलं की उद्यानवाले विचारतात, गाळ कोण काढणार? आणि रास्त विचारतात! झाडांचंही तेच. लावणाऱ्याचं एक टेंडर, पेव्हर ब्लॉकवाल्याचं दुसरं. हा बुंध्याला गळाभर सिमेंट घालून जातो आणि दोन वर्षांनी वादळात झाड पडलं की 'मुळं कमकुवत होती' असा अहवाल येतो.

ओळीतला_शेवटचा

सगळं छान वाचतोय, पण धाग्यात अजून माणसं दिसत नाहीत. घरोघरचं कार्ड, पेटी, पडदा... आणि जिथे गाडीच आत शिरत नाही तिथलं काय? ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९९० च्या आगेमागे चिंचोळ्या वस्त्यांतल्या लोकांना सांगितलं, कचरा तुम्ही गाडीपर्यंत आणा, बदल्यात बसची तिकिटं घ्या, पुढे भाजीपाला. स्वच्छतेचा खर्च थेट त्या माणसाच्या हातात गेला. हेच मला पटतं. नाहीतर आधुनिकीकरणात पहिल्यांदा हटवला जातो तो भंगार वेचणारा, जो आयुष्यभर फुकटात वर्गीकरण करत आला.

विजेच्या बसचंही तसंच. चीनमधल्या शेन्झेनने २०१७ अखेर १६ हजारांवर बस विजेवर नेल्या, कौतुकच आहे. पण त्यासाठी आगारांत चार्जरची फौज उभी केली. बस आली आणि चार्जर नाही, मग ती आगारात धूळ खात उभी आणि थांब्यावर मी. धूर नाही हे मान्य. बसही नाही.

सदर_लेखक

सुरत कुणी लिहिलं नाही अजून. १९९४ मध्ये प्लेगने शहर रिकामं झालं होतं. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त आले आणि त्यांनी अधिकाऱ्यांना सकाळी खुर्चीत बसायचीच सोय ठेवली नाही, सगळे रस्त्यावर. त्याला 'एसी टू डीसी' म्हणायचे, एअर कंडिशनिंगमधून डेली चोअर्सकडे. अधिकार खाली झोनना वाटून दिले, म्हणजे गटार उपसायला वरच्या सहीची वाट नको. दोनेक वर्षांत शहराचा चेहरा बदलला. तेव्हा ॲप नव्हतं, मोबाइलही नव्हते जवळजवळ.

बाइटभर

सहमत, फक्त एक. आयुक्त बदलला की असं काम ओसरतं. नॉम पेन्हला एकच माणूस जवळपास २० वर्षं टिकला, हे पाइपलाइनकाकांनी सांगितलं नाही. ॲपला मी नावं ठेवली, पण नोंद राहते हा त्याचा खरा फायदा. फक्त ती खरी हवी.

प्रशासक

पक्षांची नावं घेऊन लिहिलेले ११ प्रतिसाद काढले आहेत. विषय पाणी, कचरा, नदी, बस असा आहे.

सहज_विचारलं

मंडळी, अपडेट.

पाइपलाइनकाकांचा प्रतिसाद छापून घेतला आणि वॉर्डात न जाता थेट टाकीवर गेलो. तिथल्या वयस्क फिटरने तो शांतपणे वाचला, म्हणाला, 'हे लिहिणारा आमच्यातला दिसतो.' परवा रात्री दीड वाजता सळई घेऊन सायकलवर आला. भेगेकडे बघितलंसुद्धा नाही. चढावर ४० फूट वर, कचऱ्याखाली झाकला गेलेला एक व्हॉल्व्ह चेंबर त्याला माहीत होता. झाकण सरकवलं, सळई टेकवली, ऐकलं आणि मला म्हणाला, 'लावा कान.' आधी काहीच नाही. मग लांबून कुणीतरी दात घट्ट धरून श्वास सोडत असावं तसा सूं... एकसारखा, न थांबता.

काल खोदलं. जुना बिडाचा पाइप, सांध्यातलं शिसं सैल झालेलं. दुपारपर्यंत ठोकून बसवलं. भेग कोरडी.

मग त्याला रजिस्टरला काम दाखवायला तक्रार क्रमांक हवा होता. माझ्या दोन्ही तक्रारी निकाली निघालेल्या, त्या उघडेनात. नवीन टाकू तर ठिकाण आधीच निकाली. क्रमांकाशिवाय काम दाखवलं तर रस्ता कुणाच्या परवानगीने खोदला असं त्यालाच विचारणार. शेवटी मी नकाशावरची खूण दहा फूट सरकवली आणि दुरुस्त झालेल्या गळतीची तक्रार केली. दोन तासांत निवारणाचा मेसेज आला. यावेळी पाच तारे दिले.

तिरकस

आणि साळुंक्या?

सहज_विचारलं

आज सकाळी आल्या होत्या. भेगेपाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या.